ऐकणाऱ्याची परीक्षा



महाराष्ट्राला व्याख्यानांची मोठी परंपरा आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावी तशा माला उभ्या राहिल्या. या परंपरेने बोलणाऱ्याकडून अभ्यासाची, तयारीची, नेमक्या शब्दांची अपेक्षा केली, आणि ती योग्यच होती. ऐकणाऱ्याकडून मात्र शांतता आणि सौजन्य एवढेच मागितले. ऐकणे हेही चुकत-सुधारत शिकायचे काम आहे, हा विचार आपल्याकडे फारसा रुजला नाही. पण गेल्या काही दशकांत एक असा व्यवसाय उभा राहिला आहे, की ज्याचे भांडवलच ऐकणे हे आहे. नव्याने बढती मिळालेले व्यवस्थापक, कंपन्यांतले वरिष्ठ अधिकारी, उद्योजक, मध्यमवयात वाट बदलू पाहणारी माणसे यांच्याशी ठरावीक मुदतीत, ठरलेल्या उद्दिष्टासाठी संवाद करणाऱ्या प्रोफेशनल कोचचा हा व्यवसाय. त्याच्याविषयी मला एकच गोष्ट मांडायची आहे. कोच सुधारतो तो ऐकणे सुधारल्यामुळे. पण आपण कसे ऐकतो हे ऐकणाऱ्याला आतून कळत नाही. त्यामुळे ज्याला आपण आत्मजाणीव म्हणतो ती कोचला नुसत्या चिंतनातून मिळणार नाही. ती बाहेरच्या पुराव्यावर घासूनच मिळवावी लागेल.

आधी या कामाचे वेगळेपण लक्षात घेऊ. शिवाजी पार्कवर क्रिकेटचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिन तेंडुलकरला बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळे. कुणालाच जमले नाही तर ते सचिनचे. फलंदाजाचा पाय कुठे पडतो, बॅट कशी येते, दमल्यावर एकाग्रता कुठे ढळते, हे सगळे सरांच्या डोळ्यांसमोर घडत होते. दुसरे उदाहरण डॉ. अतुल गावंडे यांचे. अमेरिकेत नावाजलेले शल्यचिकित्सक असूनही आपली सुधारणा एका पातळीवर येऊन थांबली आहे असे गावंडे यांना जाणवले, तेव्हा त्यांनी आपले निवृत्त शिक्षक डॉ. रॉबर्ट ऑस्टीन यांना शस्त्रक्रियागृहात येऊन आपले काम पाहण्याची विनंती केली. थायरॉइडची ती शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, तरी ऑस्टीन यांच्या वहीत बारीक नोंदींचे पान भरले होते. दिवा जखमेवरून बाजूला सरकला होता आणि बराच वेळ काम परावर्तित उजेडात चालले होते. सर्जनचा कोपर मधूनमधून वर उचलला जात होता, म्हणजे हाताची स्थिरता कमी होत होती. गावंडे यांनी हे सारे २०११ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिले. इतकी वर्षे त्या दिव्याखाली उभे राहणाऱ्याला जे दिसले नव्हते, ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाला एका बैठकीत दिसले.

प्रोफेशनल कोचला ही सोय नाही. क्लायंटची मीटिंग त्याने पाहिलेली नसते, क्लायंटचा बॉस त्याला भेटलेला नसतो, घरी काय बोलणे झाले ते त्याला ठाऊक नसते. त्याच्यासमोर येते ते फक्त क्लायंटने केलेले वर्णन. त्याचा कान हाच त्याचा डोळा. क्रिकेटच्या प्रशिक्षकाचे ऐकणे कच्चे असले तरी नजर त्याला सावरून घेईल. कोचचे ऐकणे कच्चे असेल तर त्याच्या हाती दुसरे काहीच उरत नाही. चौकटी, प्रश्नावल्या, व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या यांना उपयोग आहे, पण काय ऐकले यावरच त्यांपैकी कोणती कधी वापरायची हे ठरते.

हे शहाणपण कोचिंगच्याही आधीचे आहे. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला मुलाखत घेणारे तयार प्रश्न घेऊन बसत: देखरेख कशी आहे, उजेड पुरतो का, पगाराबद्दल काय वाटते. कामगार उत्तर देत आणि पुन्हा आपल्या मनातल्या विषयाकडे वळत. तेव्हा १९२९ साली पद्धतच बदलली. कामगाराला जे बोलायचे असेल ते बोलू द्यायचे, मध्ये तोडायचे नाही, उपदेश करायचा नाही, असे ठरले. साधारण अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. मोठ्या उद्योगाने, आपल्याच गरजेपोटी, प्रश्न विचारणे आणि ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य केले. प्रश्न विचारणारा आपल्या डोक्यातला नकाशा समोरच्यावर ठेवतो. ऐकणारा समोरच्याच्या नकाशात वाट शोधतो.

पण ऐकायचे ठरवले म्हणजे ऐकता येते का? याचा ठोस पुरावा मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या कामातून मिळाला. १९४० च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी समुपदेशनाच्या बैठका ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तेव्हा टेप नव्हती. तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत भरे, म्हणून दोन यंत्रे आळीपाळीने चालवावी लागत. एवढा खटाटोप करून १९४२ च्या त्यांच्या पुस्तकात एका क्लायंटच्या आठही बैठका शब्दशः छापल्या गेल्या. तोवर समुपदेशक बैठकीनंतर आठवून टिपणे लिहीत आणि त्यांवरच शिकत-शिकवत. रॉजर्स यांचे सहकारी बर्नार्ड कोव्हनर यांनी अशी टिपणे ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिली. लिहिलेले बहुतांश बरोबर होते, पण प्रत्यक्षात बोललेल्यातला मोठा भाग टिपणांत आलाच नव्हता. आणि आपण क्लायंटला त्याच्या वाटेने जाऊ देतो अशी ज्यांची प्रामाणिक समजूत होती, ते समुपदेशक प्रत्यक्षात त्याला किती ढकलत होते, हे तबकड्यांवर स्वच्छ ऐकू येत होते. त्यांच्या हेतूत खोट नव्हती आणि त्यांचे शिक्षणही चांगले झाले होते. तरीही स्वतःच्या ऐकण्याबद्दलची त्यांची साक्ष अपुरी ठरली.

इतर क्षेत्रांतही हेच आढळते. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाने आपले म्हणणे सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते, आणि फक्त २३ टक्के भेटींत रुग्णाचे सुरुवातीचे म्हणणे पूर्ण झाले होते. यावर नेहमीचे उत्तर असे, की रुग्णाला बोलू दिले तर तो थांबणारच नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनी ते प्रत्यक्ष तपासले. ३३५ रुग्णांना न तोडता बोलू दिले, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंद बोलले आणि ७८ टक्के रुग्णांचे म्हणणे दोन मिनिटांच्या आत संपले. २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे वेळेची अडचण दाखवली जात होती तेवढी नव्हतीच. अडचण होती ती ऐकणाऱ्याच्या मनातल्या घाईची: ओळखीचे लक्षण ऐकू आले की मन उत्तराकडे धावते.

ही घाई कोचच्या खोलीत कशी दिसते ते जवळून पाहू. समजा, नुकत्याच विभागप्रमुख झालेल्या एक बाई कोचपुढे बसल्या आहेत. त्या म्हणतात, “टीम तशी चांगली आहे हो माझी. तक्रार काहीच नाही. फक्त संध्याकाळी सगळं मलाच परत बघावं लागतं.” एक कोच लगेच म्हणतो, “मग तुम्हाला डेलिगेशन शिकायला हवं. पुढच्या आठवड्यात कोणती तीन कामं सोडाल?” सल्ला पुस्तकात बसणारा आहे, बाई मान डोलावतात, वहीत लिहूनही घेतात. दुसरा कोच एवढेच म्हणतो, “सगळं तुम्हालाच परत बघावं लागतं,” आणि थांबतो. काही क्षणांनी बाई म्हणतात, “मागच्या साहेबांच्या वेळी एक चूक बाहेर गेली होती. तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं होतं मला.” आता विषयच बदलला. काम सोपवण्याची रीत त्यांना आधीपासून माहीत आहे. त्यांना सतावते ती चारचौघांत झालेल्या अपमानाची आठवण. पहिल्या कोचला ‘तशी’, ‘फक्त’, ‘मलाच’ हे शब्द ऐकू आले नाहीत असे नाही. त्याला मदत करायची होती, आणि ती इच्छाच त्याच्या कानाच्या आड आली. मनात उपाय तयार झाला की आपण समोरच्या माणसाऐवजी आपल्याच उपायाला ऐकू लागतो.

म्हणून ऐकणे आणि स्वतःला ओळखणे हे कोचच्या शिक्षणाचे दोन स्वतंत्र विषय नाहीत. ऐकण्यात अडथळा येतो तो बहुधा ऐकणाऱ्यामध्येच असतो: उपयोगी पडण्याची उतावीळ, शांततेची भीती, हुशार दिसण्याची गरज, क्लायंटच्या गोष्टीत दिसलेले आपलेच घर. हे ओळखल्याशिवाय ऐकणे सुधारत नाही. मात्र आत डोकावून हे ओळखता येईल, या समजुतीला पुरावा साथ देत नाही. वॉलफिश आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली १२९ मानसोपचार व्यावसायिकांना आपल्या कौशल्याची इतरांशी तुलना करायला सांगितले. स्वतःला सरासरीच्या खाली ठेवणारा एकही निघाला नाही, आणि एक चतुर्थांश जणांनी स्वतःला सर्वोत्तम १० टक्क्यांत बसवले. विल्यम मिलर हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ऐकण्यावर आधारलेली संवादपद्धती घडवणारे मानसशास्त्रज्ञ. २००१ साली त्यांनी माउंट यांच्याबरोबर आपल्याच कार्यशाळेचे मूल्यमापन केले. सहभागी झालेल्यांना वाटत होते की आपण बरेच शिकलो; ध्वनिमुद्रणांत मात्र बदल थोडाच होता, आणि त्यांच्या क्लायंटच्या बोलण्यात काही फरक पडला नव्हता. आपल्याच पद्धतीविषयी असा निष्कर्ष छापायला जी सचोटी लागते, तीच आत्मजाणीव मला अभिप्रेत आहे.

मग सुधारणा होते कशाने? अनुभवाने, असे आपण सहज म्हणतो. गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली १७० मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांची अनेक वर्षांची माहिती तपासली. काहींची कामगिरी अनुभवाबरोबर सुधारली होती, पण एकंदरीत पाहता ती किंचित घसरलेलीच दिसली. नुसती वर्षे जाण्याने सफाई येते, आत्मविश्वास येतो. अचूकपणा येईलच असे नाही. कारण या कामात चूक स्वतःहून समोर येत नाही. फलंदाज चुकला तर यष्ट्या पडतात. कोच चुकला तर क्लायंट हसून “थँक्यू, छान झालं सेशन” म्हणतो आणि तीन महिन्यांनी करार पुढे वाढवत नाही. मिलर यांनी २००४ साली १४० व्यावसायिकांवर वेगवेगळ्या शिक्षणपद्धती तपासल्या, तेव्हा नुसत्या कार्यशाळेचा परिणाम टिकला नाही. ज्यांना आपल्या ध्वनिमुद्रणावर आधारलेला अभिप्राय किंवा फोनवरून मार्गदर्शन मिळत राहिले, त्यांचे कौशल्य टिकले. माझ्या मते या सगळ्या पुराव्याचे सार हेच आहे. कोणतीही संस्था प्रामाणिक असली तरी तिचे हिशेब बाहेरच्या माणसाकडून तपासून घेतले जातात, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. ऐकण्याचाही हिशेब असाच तपासून घ्यायला हवा.

याची रीत अवघड नाही. ती नेमाने करणे अवघड आहे. क्लायंटच्या लेखी संमतीने एखादे सेशन ध्वनिमुद्रित करावे आणि त्यातल्या दहा मिनिटांचा उतारा स्वतःच्या हाताने, शब्दशः उतरवावा. मग काही साध्या गोष्टी मोजाव्यात. मी किती वेळ बोललो आणि क्लायंट किती? माझ्या प्रश्नांपैकी किती प्रश्नांच्या पोटात सल्ला दडलेला होता? “तुम्हाला असं नाही का वाटत, की…” असा प्रश्न प्रश्न नसतोच. क्लायंटचे वाक्य संपल्यावर मी किती थांबलो? त्याने वापरलेला शब्द मी परत वापरला, की त्याजागी माझा शब्द घातला? मराठी कोचसाठी आणखी एक नोंद महत्त्वाची. आपला क्लायंट कामाविषयी इंग्रजीत बोलता बोलता कोणत्या क्षणी मराठीत येतो, आणि त्या क्षणी कोच त्याच्याबरोबर मराठीत येतो की इंग्रजीतच राहतो? ‘बघू’, ‘चालायचंच’, ‘तसं काही नाही’ हे शब्द उताऱ्यात कुठे आले आणि त्यांच्या पुढे काय घडले? हा उतारा मग अशा अनुभवी सहकाऱ्याला दाखवावा, जो कौतुकासाठी बसलेला नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ साली सुरू झालेली संस्था कोचिंगच्या ५०० तासांच्या अनुभवावर मिळणाऱ्या पीसीसी आणि २,५०० तासांच्या एमसीसी या प्रमाणपत्रांसाठी सेशनचे ध्वनिमुद्रण आणि उतारा मागते, ही चांगली गोष्ट आहे. पण परीक्षेपुरते निवडलेले उत्तम सेशन हे कोचच्या नेहमीच्या कामाचे चित्र नव्हे. शिकायचे असेल तर फसलेले सेशनच आधी तपासायला घ्यावे.

यावर काही आक्षेप येतात आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की मी दिलेला बराच पुरावा मानसोपचार आणि वैद्यकातला आहे. कोचचा क्लायंट आजारी नसतो. हे खरे आहे, आणि त्यामुळे उपचारांचे निष्कर्ष कोचिंगला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण मी मांडतो आहे तो मुद्दा उपचाराच्या परिणामांचा नाही. आपले ऐकणे आपल्याला आतून अचूक कळत नाही, हा दोष रुग्णाच्या आजारातून येत नाही. तो ऐकणाऱ्या माणसाचा आहे. म्हणून तो डॉक्टरांत दिसला, समुपदेशकांत दिसला. कोच तेवढा त्याला अपवाद असेल असे मानायला काही कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. आपल्याकडे माणूस वडीलधाऱ्याकडे, गुरूकडे जातो तो मार्गदर्शन घ्यायला. पैसे मोजून आलेल्या माणसाला पुन्हा त्याचेच शब्द ऐकवले, तर तो म्हणेल, मला माझा आवाज ऐकायचा नव्हता. या आक्षेपात तथ्य आहे. क्लायंटला जी माहिती हवी आहे आणि कोचकडे आहे, ती अडवून ठेवणे म्हणजे ऐकणे नव्हे. प्रश्न क्रमाचा आणि प्रमाणाचा आहे. क्लूगर आणि डीनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायावरच्या संशोधनाचे मोठे संकलन केले. अभिप्रायाने सरासरी फायदा होतो असे दिसले, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी कामगिरी उलट खालावली. म्हणजे चांगल्या हेतूने केलेली सूचनाही निरुपद्रवी नसते. जो सल्ला समोरच्याचे पूर्ण ऐकून, त्याची परवानगी घेऊन, त्याच्या प्रश्नाला धरून दिला जातो, तो मार्गदर्शन ठरतो. जो सल्ला १८ सेकंदांत दिला जातो तो बोलणाऱ्याच्या डोक्यात आधीच तयार असतो. तो क्लायंटसाठी बनलेलाच नसतो.

तिसरा आक्षेप असा, की सतत स्वतःकडे लक्ष ठेवणारा कोच अवघडेल आणि समोरच्याचे ऐकणेच विसरेल. याचे उत्तर टिमोथी गॉलवी यांच्या टेनिस शिकवण्यात सापडते. त्यांचे ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक १९७४ साली आले आणि त्यातूनच पुढे जॉन व्हिटमोर यांनी व्यवस्थापनाच्या क्षेत्रातले कोचिंग घडवले. गॉलवी यांना दिसले, की सूचना वाढल्या की खेळाडूचा फटका बिघडतो. म्हणून ते खेळाडूला चेंडू टप्पा घेताना एक शब्द आणि रॅकेटला लागताना दुसरा शब्द मोठ्याने म्हणायला लावत. लक्ष चेंडूवर राहिले की स्वतःला रागावणारा आतला आवाज मागे पडे. कोचनेही सेशनमध्ये लक्ष पूर्णपणे क्लायंटवर ठेवावे. स्वतःकडे पाहायची जागा सेशननंतरच्या टेबलावर आहे, उतारा पुढ्यात घेऊन. ती तपासणी नियमित झाली तर आपली नेहमीची घाई ओळखीची होते, आणि सेशनमध्ये ती डोके वर काढते तेव्हा तिच्याशी झगडावे लागत नाही.

चौथा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. ऐकणे कुणाच्या हिताचे? हॉथॉर्नच्या मुलाखतींवर पुढे टीका झाली, की तिथे कामगाराला मन मोकळे करू दिले, पण कारखान्यातली सत्ता जिथे होती तिथेच राहिली. ऐकून घेणे हे माणसाला शांत करण्याचे साधन होऊ शकते. आज बहुतेक कॉर्पोरेट कोचिंगमध्ये पैसे कंपनी देते, मन क्लायंट मोकळे करतो आणि कोच दोघांच्या मध्ये बसतो. कामाचे तास अवाजवी असलेल्या माणसाला ‘वेळेचे नियोजन’ शिकवले, तर कोचने ऐकले खरे, पण ज्याने बिल भरले त्याच्या कानाने. कोचच्या आत्मजाणिवेत हाही प्रश्न यायला हवा: माझे मानधन कुठून येते आणि त्यामुळे मला काय ऐकू येईनासे होते? म्हणून कराराच्या पहिल्याच बैठकीत तिघांसमोर स्पष्ट ठरले पाहिजे, की कंपनीला काय कळेल आणि काय कळणार नाही. ध्वनिमुद्रण झाले तर ते फक्त कोचच्या शिक्षणासाठी असेल, एचआरकडे जाणार नाही, ठरल्या मुदतीत पुसले जाईल आणि क्लायंटला कारण न देता कधीही नाही म्हणता येईल. ही शिस्त पाळता येत नसेल तर ध्वनिमुद्रण करू नये. तेव्हा सेशन संपताच लिहिलेली टिपणे आणि क्लायंटला थेट विचारलेला एक प्रश्न, “आज माझ्याकडून तुमचं काय ऐकायचं राहून गेलं?”, यांवर काम चालवावे. पुरावा थोडा कमी मिळेल, विश्वास मात्र शाबूत राहील.

श्रोतेहो, मराठी माणसांनी या व्यवसायात पाऊल टाकले आहे आणि पुढेही ती येतील. त्यांच्यापुढे मी एक मागणी ठेवतो. प्रत्येक शहरातल्या कोचनी चार-पाच जणांचे गट करावेत, महिन्यातून एकदा बसावे, आणि प्रत्येकाने क्लायंटची ओळख काढून टाकलेला आपला एक उतारा मांडावा. जिथे क्लायंट मराठीत बोलला तिथे मराठीतच. गटाने त्यावर उपाय सुचवू नयेत. कोचला काय ऐकू आले नाही तेवढेच दाखवावे. कोच शिकवणाऱ्या संस्थांनी प्रमाणपत्राआधी आणि नंतरही हे बंधनकारक करावे. आणि कोच निवडणाऱ्या कंपन्यांनी व क्लायंटनी त्याच्या तासांचा आकडा विचारण्याआधी विचारावे, की तुमचे काम शेवटचे कुणी आणि केव्हा तपासले. जो दुसऱ्याला बदलायला मदत करतो, त्याने स्वतःला तपासायला देणे हा त्या व्यवसायाच्या नीतीचा पाया आहे. समोरचा माणूस आपल्या आयुष्यातले अवघड काही विश्वासाने सांगतो, तेव्हा ते नीट ऐकले जाणे हा त्याचा हक्क असतो. तो हक्क पाळला गेला की नाही, याचा निवाडा एकट्या ऐकणाऱ्यावर सोडता येणार नाही.